बिस्किटी

दिवाळीपासूनचा हा अकरावा प्लग.
काळा, ओलसर, नाकाशी धरला तर
विझल्या पणतीसारखा वास.
पॉलिश पेपरने घासला, फटीत ब्लेड सरकवून पाहिली,
इंजिनाला टेकवून किक मारली.
ठिणगी पडली, पण पिवळी,
कावीळ झाल्यासारखी.

येझदीत जो दांडा किकचा तोच गिअरचा.
उभा केला की किक, पाडला की गिअर.
चौतीस वर्षं माझ्या प्रत्येक डाव्या बुटाचं टोक
उजव्याच्या आधी झिजलं.

रात्री कार्बोरेटर उघडला पेपरवर.
फ्लोट कानाशी हलवला: आत खुळखुळत नाही,
म्हणजे फुटका नाही.
बारका जेट ट्यूबलाइटसमोर धरला.
मोहरीला भोक पाडावं एवढ्या छिद्रातून
ट्यूबचा एक ठिपका दिसला. स्वच्छ.
हवेचा स्क्रू पूर्ण आत, मग दीड फेरा बाहेर.
कुंदा म्हणाली, पेट्रोलच्या हातानं मीठ घेऊ नका.
सकाळी पुन्हा तेच: फट्, फट्, धूर, शांतता.

सक्करदऱ्यात कडुनिंबाखाली केवल हेडाऊचं गॅरेज.
पोरगा तिशीचा, माझ्या गाडीहून लहान.
मी बिस्किटाच्या डब्यातले अकराही प्लग
त्याच्या पोत्यावर ओतले.
त्यानं ते हात पाहावा तसे एकेक पाहिले.

"रोज किती चालते?"
दूध. भाजी. बुधवारी बाजार.
"किलोमीटर सांगा ना भाऊ."
तीस वर्षं उमरेडच्या खाणीत साखळी ओढून
मी कोळसा मोजला; हे कधी मोजलं नव्हतं.
असेल दीड.

"मंग तापनार कवा ते?
प्लग तापला की आपली काजळी आपनच जाळते.
तुमी तिले अर्ध्या झोपेतून उठवता
अन् पुन्हा झोपवता."
झाकण उघडून टाकीत नाक घातलं.
"अन् तेल कोन टाकते इतकं?"
मीच. एक झाकण जास्त. इंजिन सुकू नये म्हणून.
"मायेनं मारता का तिले?"

चोकच्या तळाचं रबर त्यानं नखावर काढून दाखवलं,
कडक, भुईमुगाच्या टरफलासारखं.
चोक बंद केला तरी बंद होतच नव्हता;
गाडी सहा महिने थंडीतच होती,
बाहेर शेहेचाळीस असतानाही.
साठ रुपये घेतले. नवा प्लग बसवला.
"दिघोरी नाका सुटला की मूठ सोडू नका."

दुसऱ्या दिवशी पावणेसहाला निघालो,
डोक्याला दुपट्टा, हँडलला दुधाची किटली.
डेअरीचं वळण आलं, आणि गेलं.
विहीरगावपर्यंत मागं निळा धूर,
पाचगावला आरशात पाहिलं तर विरळ,
मग आरशात नुसता रस्ता.
दोन्ही सायलेन्सर एका आवाजात बोलायला लागले.
किटली टाकीवर आपटत होती
आणि मला ड्युटीला उशीर झाल्यासारखं वाटत होतं,
जे आठ वर्षांत वाटलं नव्हतं.

चांप्याजवळ चालत्या वेगातच चावी बंद केली,
क्लच दाबून कडेला आलो.
प्लग असाच पाहायचा असतो, धावता धावता थांबवून.
पाना लावला, दुपट्ट्यात धरून काढला.
अगदी बिस्किटी नाही.
एका बाजूला चहात बुडवल्याचा रंग,
दुसरीकडं अजून काळी कड.

फोन वाजला.
"कुठं आहात?"
चांप्याला.
बराच वेळ पंख्याचाच आवाज येत राहिला.
मग, "आणि दूध?"

काय सांगावं सुचेना.
प्लग या हातातून त्या हातात घेत होतो;
दुपट्ट्यातूनही
सोसवत नव्हता.